इमारतींतील वीजतारांच्या आवरणाचा इतिहास : मुंबई शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मुंबई शहराच्या आधुनिकीकरणाचा इतिहास लिहिताना विजेचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये लागलेले विजेचे दिवे, १९०५ साली स्थापन झालेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, ७ मे १९०७ रोजी धावू लागलेली विजेची ट्राम आणि १९१५ साली खोपोलीहून शहराला मिळू लागलेली टाटांची जलविद्युत हे टप्पे अभ्यासकांना सुपरिचित आहेत. या सर्व वर्णनांत वीज केंद्रात निर्माण होते, रस्त्याखालून वा खांबावरून येते आणि एकदम दिव्यात प्रकट होते. मीटरपासून बटणापर्यंतचा, म्हणजे घराच्या भिंतीवरचा जो अखेरचा प्रवास, त्याविषयी इतिहासलेखनात फारसे काही आढळत नाही. वास्तविक सामान्य माणसाचा विजेशी संबंध आला तो याच अखेरच्या काही हातांच्या अंतरात. आपल्याकडे कोणी 'घरात वीज आली' असे म्हणत नाही. 'लाइट आली' असे म्हणतात, आणि भिंतीवरील तारकामास 'फिटिंग' म्हणतात. या दोन शब्दांच्या दरम्यान जे घडले त्याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. तांब्याच्या तारेवरचा पहिला थर हा रोधक थर होय. वायरमन त्यास इन्सुलेशन म्हणतो. वीज तारेतून बाहेर जाऊ नये हे त्याचे काम. त्यावरील दुसरे आच्छादन म्हणजे आवरण अथवा शीथ. त्याचे काम उलट दिशेचे आहे : ओल, ऊन, चुना, खिळा आणि उंदीर यांना आत येऊ न देणे. विजेच्या बहुतेक इतिहासांत पहिल्या थराची कथा सांगितली जाते, कारण ती रसायनशास्त्राची व शोधांची कथा आहे. दुसऱ्या थराची कथा कारागिरांची आणि भिंतींची असल्याने ती मागे पडली. मुंबईच्या बाबतीत तारेच्या रक्षणाची जबाबदारी प्रथम सुताराकडे, नंतर केबलच्या कारखान्याकडे आणि अखेरीस गवंड्याकडे गेली आणि या शेवटच्या टप्प्यावर ती घरात राहणाऱ्याच्या दृष्टीआड झाली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखक करू इच्छितो.

आगीचे भय आणि पहिले नियम

विजेच्या दिव्याबरोबरच आगीचे भय आले. १८८२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी लंडनमध्ये होल्बर्न व्हायाडक्ट येथे आणि न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट येथे एडिसनची वीजकेंद्रे सुरू झाली, आणि त्याच वर्षी लंडनच्या फीनिक्स या आगविमा कंपनीसाठी मसग्रेव्ह हीफी यांनी तारकामाचे नियम तयार केले. विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनेही आपली पहिली नियमावली त्याच वर्षी काढली. तिच्या शीर्षकातच विजेच्या दिव्यांमुळे उद्भवणारा आगीचा धोका टाळण्याचा उल्लेख होता. म्हणजे तारकामाचे शास्त्र हे मूलतः अग्निविम्याच्या पोटी जन्मले, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये. क्रॉफर्ड मार्केटचा प्रयोगही याच वर्षीचा. तो करणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. शहराला विजेसाठी आणखी दोन दशके थांबावे लागले. कायद्याच्या बाजूने १९०३ चा आणि त्याची जागा घेणारा १९१० चा भारतीय विद्युत अधिनियम हे या काळातील टप्पे होत.

सुताराचा काळ

१९०५ नंतर मुंबईतील घरांत जी तार आली ती व्हल्कनाइज्ड रबराची होती. व्हल्कनीकरणात रबरात गंधक मिसळलेले असते आणि गंधक तांब्यास खाते, म्हणून तांब्याच्या तारेवर कथिलाची कल्हई केलेली असे. त्यावर रबर, रबरावर फीत आणि सर्वांत वर डांबरी वा मेणाच्या मिश्रणात बुडविलेल्या सुताची वीण. या तारेला स्वतःचे खरे आवरण नव्हते. सुताची वीण ओल फार काळ अडवू शकत नाही व खिळा तर मुळीच अडवू शकत नाही. म्हणून आवरण लाकडाचे करावे लागले. हेच केसिंग-कॅपिंग होय.

सागवानी पट्टीत दोन समांतर खाचा पाडलेल्या असत. एका खाचेतून जाणारी तार, दुसरीतून येणारी. विरुद्ध ध्रुवांच्या दोन तारा एका खाचेत घालणे निषिद्ध होते. वर पातळ झाकणपट्टी, आणि ती मधल्या कडेवर स्क्रूने बसविलेली. खिळा मारल्यास तो तारेत जाण्याची भीती असे. ओलसर भिंतीपासून लाकूड किंचित दूर राहावे म्हणून मागे चिनी मातीच्या चकत्या घालत आणि आतून-बाहेरून शेलॅकचा हात देत. भिंतीत छिन्नीने भोके पाडून त्यांत लाकडी गुट्ट्या ठोकायच्या, त्यांवर पट्टी बसवायची, कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांत जोड काटायचा. हे वर्णन वाचताच लक्षात येते की, या कामातील निम्म्याहून अधिक श्रम विजेचे नसून सुतारकीचे आहेत. पुढे १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वीजतंत्री घडू लागले, तेव्हाही त्यांच्या शिक्षणात करवत व रंधा यांचा सराव राहिला, तो याच परंपरेचा अवशेष म्हणता येईल.

केसिंग मुंबईत टिकले याचे दुसरे कारण इमारतींच्या बांधणीत आहे. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतील अनेक जुन्या चाळी सागवानी सांगाड्याच्या. खांब-तुळया लाकडाच्या आणि मधली भरण विटांची. अशा भिंतीत खोल खाच मारणे धोक्याचे, उलट लाकडी तुळईवर पट्टी बसविणे सोपे. ज्या शहराची घरेच सुताराने उभी केली होती, तेथे विजेलाही सुताराच्या हातून घरात यावे लागले. ओलीने मात्र या व्यवस्थेचा पराभव केला. चार महिन्यांच्या पावसात लाकूड फुगते, वाळवी लागते, आणि खाचेत साठलेली ओल सुताची वीण पिऊन टाकते. कोकणपट्टीच्या हवामानात केसिंग ही मूलतः उसनी पद्धत होती.

कारखान्याने आवरण आपल्याकडे घेतले

ओलीवरील उत्तर दोन प्रकारे शोधले गेले. एक शिशाचे. रबरी तारेवर शिशाची अखंड नळी चढविली की पाणी आत जाण्याचा प्रश्नच उरत नाही, शिवाय ती नळी भूयोजनासाठी, म्हणजे अर्थिंगसाठी, वापरता येते. पण त्यासाठी प्रत्येक जोडावर शिशाचा संपर्क अखंड राखावा लागतो. तो एका ठिकाणी तुटला तर आवरणच धोक्याचे होते. शिवाय ताजा चुना व सिमेंट शिशास खातात, त्यामुळे ही केबल गिलाव्यात गाडता येत नसे. ती महाग होती आणि वजनदारही.

दुसरे उत्तर टिकाऊ ठरले. इंग्लंडात १९१० च्या सुमारास घोडागाड्यांच्या व टॅक्सींच्या चाकांसाठी जे चिवट रबर वापरीत, तशाच रबराचे आवरण केबलवर चढविण्यात आले. म्हणून तिला कॅब टायर शीथ्ड, संक्षेपाने सीटीएस केबल म्हणत. पुढे तिलाच टफ रबर शीथ्ड, टीआरएस असे नाव रूढ झाले. येथे प्रथमच रोधक थर व आवरण हे दोन्ही कारखान्यातून एकजीव होऊन आले. लाकडाला आता तार झाकायची नव्हती, तिला केवळ सरळ धरायचे होते. दोन खाचांच्या केसिंगची जागा साध्या सागवानी पट्टीने घेतली. आपल्याकडे आजही जुन्या माणसांच्या तोंडी असलेले 'पट्टी फिटिंग' ते हेच. किमान दहा मिलिमीटर जाडीची पट्टी, तिच्यावर कल्हई केलेल्या पितळेच्या वा पुढे ॲल्युमिनियमच्या क्लिपा. आडव्या ओळीत दहा सेंटिमीटरवर एक, उभ्या ओळीत पंधरा सेंटिमीटरवर एक. आडव्या तारेस झोळ येतो म्हणून हे अंतर कमी. वायरमनची परीक्षा घेणारा या क्लिपांच्या ओळीकडे पाहूनच हाताची पारख करीत असे, असे जुन्या लोकांकडून ऐकावयास मिळते आणि ते पटण्याजोगे आहे.

भारतात केबलचे उत्पादन १९२० साली स्थापन झालेल्या इंडियन केबल कंपनीच्या जमशेदपूर येथील कारखान्यापासून रुजले. मापे मात्र इंग्रजी पद्धतीची राहिली. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांचा पीळ, सात-वीस म्हणजे वीस गेजच्या सात तारांचा. मेट्रिक मापे येऊन अनेक दशके लोटली, तरी मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात ही भाषा अद्याप कानी पडते. भौतिक संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी अशा टिकून राहिलेल्या मापांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

रबराचे दोन शत्रू होते : उष्णता आणि काळ. दिव्याच्या होल्डरजवळ, पंख्याच्या हुकाजवळ, सतत तापणाऱ्या जागी रबर कडक होऊन तडकते. आवरण बाहेरून धड दिसते आणि आत बोट लावताच रोधक थराचा भुगा होतो. यावर उपाय रसायनशास्त्राने दिला. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी, लवचीक करण्याची रीत शोधली होती. १९४२ मध्ये मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्यावर दोस्त राष्ट्रांचे रबर तुटले, आणि पर्याय म्हणून पाहिला जाणारा हा पदार्थ गरजेचा झाला. महाराष्ट्रात पुण्याच्या फिनोलेक्सने १९५८ साली पीव्हीसी तारांचे उत्पादन सुरू केले, तेही आधी घरांसाठी नव्हे तर मोटारींसाठी. भारतीय मानक संस्थेच्या ६९४ क्रमांकाच्या मानकाने पीव्हीसी केबलची इयत्ता ठरविली.

एक विरोधाभास येथे नोंदविण्यासारखा आहे. तारकाम तपासताना मेगर लावून रोध मोजतात. जुन्या मानकानुसार तो रोध पन्नास मेगओहमला पॉइंटांच्या संख्येने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. पीव्हीसी तारांसाठी मात्र पन्नासऐवजी साडेबारा धरण्याची मुभा होती. याचा अर्थ, निव्वळ रोधक म्हणून पीव्हीसी चांगल्या रबरापेक्षा उणे होते. ते जिंकले ते स्वस्ताई, रंग आणि न तडकण्याच्या गुणावर.

ॲल्युमिनियमची दोन दशके

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत मोठा बदल आवरणाच्या आत घडला. तांबे बव्हंशी आयात करावे लागे व परकीय चलनाची टंचाई होती. साठच्या दशकापासून घरगुती तारांतही तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम आले. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तार जाड घ्यावी लागते. दिव्यासाठी तांब्याची एक चौरस मिलिमीटरची तार पुरे होई, तेथे ॲल्युमिनियमची दीड. एवढ्यावर हे भागले असते तर तक्रार नव्हती. परंतु ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेत तत्काळ ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहत नाही. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो. परिणामी बटणातील जोड काही वर्षांत सैल होतो, सैल जोड तापतो, तापलेला जोड आणखी सैल होतो. आवरण कितीही उत्तम असो, आग लागते ती आवरण संपते तेथे, जोडापाशी. अमेरिकेतही १९६५ ते १९७३ या काळात घरांत ॲल्युमिनियम वापरले गेले व तेथे त्याच्या धोक्यांची सार्वजनिक चर्चा झाली. आपल्याकडे ती झाली नाही. तांबे हळूहळू परत आले आणि ॲल्युमिनियमच्या तारा भिंतींत तशाच राहिल्या.

मुंबईच्या बाबतीत याला भाडे नियंत्रणाची जोड द्यावी लागते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. घरमालकास तारकाम नव्याने करण्यात काही स्वारस्य उरले नाही. भाडेकरूंनी ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, जमेल तेवढे केले. एकाच चाळीत जिन्यात केसिंग, एका खोलीत पट्टीवरील रबरी केबल, शेजारी ॲल्युमिनियमची पीव्हीसी आणि पलीकडे नवे तांबे, असा थरांचा गुंता त्यातून निर्माण झाला. पुरातत्त्वज्ञास जमिनीत जे स्तर मिळतात ते येथे भिंतीवर मिळतात, मात्र कालक्रमाने नव्हे तर ऐपतीप्रमाणे.

भिंतीच्या आत

इंग्लंडात व अमेरिकेत आवरणयुक्त केबलच अखेर विजयी झाली. तेथे लाकडी सांगाड्याच्या पोकळ भिंती वा लाकडी फरशीखालील जागा उपलब्ध असते. तीतून चपटी केबल थेट ओढता येते. अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ झालेली रोमेक्स आणि इंग्लंडातील 'ट्विन अँड अर्थ' ही तिची उदाहरणे. आपल्याकडे सिमेंट काँक्रीटचा स्लॅब आणि विटांची भरीव भिंत आली, आणि वाट वेगळी झाली. स्लॅब ओततानाच त्यात पाइप टाकायचा, भिंतीत खाच मारून पाइप गाडायचा, वर गिलावा करायचा आणि पाइपातून एकेरी तार ओढायची. पाइप प्रथम काळ्या एनॅमलच्या लोखंडाचा होता, नंतर पीव्हीसीचा झाला. आत ओढलेल्या तारेवर केवळ रोधक थर असतो, शीथ नसते. आवरणाचे काम पाइप व गिलावा करतो. म्हणजे केसिंगचे तत्त्वच परत आले, केवळ लाकडाच्या जागी भिंत आली आणि सुताराच्या जागी गवंडी.

या 'कन्सील्ड' फिटिंगला प्रतिष्ठा लाभली आणि पट्टी दारिद्र्याची खूण ठरली. शीथ घातलेली केबल घराबाहेर पडली. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर, इस्त्री-फ्रिजची दोरी आणि ग्रामीण महाराष्ट्रात विहिरी-बोअरमध्ये पाण्याखालच्या पंपाला जाणारी तीन पदरी चपटी केबल येथे ती आजही अनिवार्य आहे. केसिंग-कॅपिंग हे नाव मात्र प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून राहिले. दुकानातून ती विकत घेणाऱ्या आजच्या मुलास त्यात एके काळी सागवान होते हे ठाऊक नसते.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील नियम ४५ ने तारकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करण्याचे बंधन घातले आणि नियम ४६ ने ग्राहकाच्या तारकामाची पाच वर्षांच्या आत नियतकालिक तपासणी सांगितली. या नियमांची जागा २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नव्या विनियमांनी घेतली. तपासणीची कल्पना टिकली. पण ही कल्पना मांडली गेली त्या काळी तारकाम डोळ्यांना दिसत होते, याचा विसर पडला आहे. पट्टीवरील केबल काळी पडली, क्लिप गंजली, उंदराने कुरतडले, हे घरातील कोणालाही दिसे व त्यासाठी परवाना लागत नसे. पाइपातील तारेबद्दल मेगरखेरीज कोणी काही सांगू शकत नाही आणि मेगर प्रत्येक घरी येत नाही. वर्तमानपत्रांत आगीच्या बातमीखाली 'शॉर्टसर्किटमुळे' हा एक शब्द येतो व चौकशी तेथेच थांबते. कोणती तार, किती वर्षांची, कोणत्या आवरणाची, हे त्या शब्दात नसते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू व दाट धूर सोडते, म्हणून आता कमी धुराच्या आणि हॅलोजनविरहित तारांसाठी स्वतंत्र मानक आले आहे. २०१८ सालचे १७०४८ क्रमांकाचे मानक हे त्याचे उदाहरण. परंतु मानक हे उद्याच्या तारांसाठी असते, कालच्या तारा त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

साधनांचा प्रश्न

या विषयाचे मुख्य साधन दप्तरात नसून भिंतींवर आहे आणि भिंती वेगाने नष्ट होत आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींपैकी वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. ही घटना स्वागतार्हच आहे. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्यास जुन्या क्लिपांच्या ओळी जपून ठेवण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकास नाही. मात्र पाडकामापूर्वी छायाचित्रे व नकाशे काढले जातात त्यांत तारकामाचाही समावेश व्हावा, एवढी अपेक्षा गैर ठरू नये. वास्तुरचनाकार जिन्याच्या कठड्याची नोंद घेतात, तारेची घेत नाहीत.

प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात अध्यापन करतो, त्याच्या जुन्या इमारतीतील कार्यालयाचे तारकाम काही वर्षांपूर्वी बदलण्यात आले. छताखालची केसिंगची पट्टी उतरविली तेव्हा एका खाचेत लाल व दुसऱ्या खाचेत काळ्या विणीची तार जशीच्या तशी होती. वीण हाताला लागताच गळून पडली आणि आतील कल्हई केलेले तांबे चकाकत राहिले. तांबे वजनावर विकले गेले, सागवान भंगारवाल्याने नेले. विनंती करून एक हात लांबीचा तुकडा इतिहास विभागासाठी मागून घेतला. तो विभागाच्या कपाटात ठेवण्यासाठी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करणे आवश्यक होते. हे विद्युत साहित्य की फर्निचर, असे कार्यालयातून विचारण्यात आले. बराच विचार करूनही उत्तर देता आले नाही. अखेर लिपिकांनी स्वतःच्या अखत्यारीत 'लाकडी सामान, नग एक' अशी नोंद केली.